ताईचा हललेला फोटो

स्टॅच्यूमामा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पोराचं नाव असलं कोण ठेवेल? पण ताईच्या नाचाच्या क्लासातल्या मुलींनी ते ठेवलं आणि असं चिकटलं, की नाट्यगृहाचा वॉचमनसुद्धा "या, स्टॅच्यूमामा" म्हणून दार उघडायला लागला. ताईचा धाकटा भाऊ, म्हणून क्लासातल्या झाडून सगळ्या मुलींचा तो मामा. आणि स्टॅच्यू कशाबद्दल, तर लहानपणी आपण खेळतो ना, एकाने "स्टॅच्यू!" म्हणायचं आणि बाकीच्यांनी असतील तसं थिजून जायचं, तसे त्याचे फोटो. नाचणारी हवेत असो, गुडघ्यावर असो, मामाच्या फोटोत ती जागच्या जागी गोठलेली. केसन् केस मोजून घ्यावा. हनुवटीवरून सुटलेला घामाचा थेंब खाली पोचायच्या आत मामाने धरलेला.

याचा त्याला अभिमान किती म्हणाल! "हललेला फोटो म्हणजे मेलेला फोटो," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. समोरचा ऐकतोय की जांभया देतोय, याच्याशी त्याला कर्तव्य नसायचं.

या हट्टाचं मूळ एका खिळ्यात होतं. मामा तरुणपणी ज्या स्टुडिओत शिकला, तिथे पुढे एक स्टूल, मागे निळा पडदा, आणि आत लाल दिव्याची अंधारी खोली. मालक दिवसभर गिऱ्हाइकांना एकच सांगायचा, "हलू नका." आणि अंधाऱ्या खोलीच्या दारावर त्याने एक लांब खिळा ठोकला होता. कुणाचाही फोटो हलला की त्याची प्रत त्या खिळ्यात आरपार. आठवडाभर तिथेच लटकायची. शनिवारी मालक ती सगळ्यांसमोर काढायचा आणि विचारायचा, "हा पराक्रम कुणाचा?" मामाने एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो काढला, तो हलला. मालक म्हणाला, "काय रे, या आजोबांना दोन डोकी होती का?" सगळा स्टुडिओ खो खो हसला. मामाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या आणि त्याने त्या दिवशी कानाला खडा लावला.

स्टुडिओ सुटला, मालक गेला, पण खिळा काही मामाच्या डोक्यातून निघाला नाही. तो नाचाच्या कार्यक्रमांचे फोटो काढायला लागला, तेव्हा त्याने एक नेम केला, हललेला फोटो ठेवायचा नाही. हल्ली तर कार्यक्रम संपला की बॅग भरायच्या आधी तिथेच, रिकाम्या होणाऱ्या नाट्यगृहात खुर्चीवर बसायचं आणि हललेले फोटो काढून टाकायचे. पूर्वी घरी फिल्म धुतली की कात्री घेऊन बसायचा, आता कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर बघत अंगठ्याने पुसायचा. त्याला तो "निवड" म्हणायचा. "घरी घाण न्यायची नाही," हे वर. आपण तांदूळ निवडताना खडा जसा बघतो न बघतो आणि फेकतो, तसं त्याचं चालायचं. एकेका फोटोला दोन सेकंद. कधी कधी दोनही नाहीत.

आता ताईबद्दल सांगायला हवं. ती मामापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मामा आठ वर्षांचा होता, आणि वडील बोलणं विसरल्यासारखे कोपऱ्यात बसलेले. ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, डबा दिला, अभ्यासाला बसवलं आणि वेळप्रसंगी पाठीत धपाटेही घातले. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "एक पोर सांभाळून झालं की, आणखी कशाला?" तिचा क्लास एका सुताराच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. खाली करवत सुरू झाली की ताल ऐकू यायचा नाही, मग मुली पाय उचलून तशाच थांबायच्या, करवत थांबली की पुढे. सगळ्यांच्या केसांत लाकडाचा भुसा. पहिला कॅमेराही मामाला ताईनेच आणून दिला होता, स्टुडिओची नोकरीही तिनेच शब्द टाकून लावली होती.

सव्वीस वर्षं मामाने ताईचे फोटो काढले. प्रत्येक कार्यक्रमानंतर तो ते घेऊन जायचा, ताई चष्मा लावून एकेक बघायची, "छान" म्हणायची, आणि मग तिचं ठरलेलं वाक्य यायचं.

"अरे, सगळं खरं. पण यात मी नाचतेय कुठे? एका पायावर उभी आहे नुसती. बगळा!"

"बगळा तर बगळा. स्पष्ट आहे ना?"

"स्पष्ट बगळा आहे," ताई म्हणायची, आणि मामी, म्हणजे मामाची बायको, तोंडाला पदर लावून हसायची. मामाला राग यायचा. पण ताईवर रागावणं त्याला कधी जमलंच नाही, मग तो चहा मागायचा.

ताईच्या एका नाचाचा शेवट अकरा गिरक्यांनी व्हायचा. एकाच जागी, एका टाचेवर, अकरा. राखी रंगाच्या घागऱ्याचा मोठा घेर पहिल्या गिरकीला जमिनीलगत असायचा आणि अकराव्याला कमरेपर्यंत आलेला. लोक त्या गिरक्यांसाठी यायचे. मामाच्या फोटोंत मात्र त्या गिरक्या नव्हत्याच. होता तो एक छत्रीसारखा फुगलेला घेर आणि मधे एक गंभीर चेहऱ्याची बाई. गिरक्यांत हसायचं नाही, अशी ताईच्या गुरूंची शिस्त होती, आणि ताई ती एकसष्टाव्या वर्षीही पाळायची.

एकसष्टाव्या वर्षीच डॉक्टरांनी तिच्या कमरेच्या सांध्याचा एक्स-रे खिडकीकडे धरून बघितला आणि सांगितलं, आता बस. सांधा पार झिजलाय, बदलावा लागेल. नंतर चालता येईल, नाचता नाही यायचं. ताईने एक महिना मागून घेतला, शेवटच्या कार्यक्रमासाठी. आणि त्याच आठवड्यात एक दिवस ती कठडा धरत धरत मामाचे तीन जिने चढून आली. मामा घाबरला, की झालं काय.

"एक मागू का?" ती बसल्या बसल्या म्हणाली.

"माग की. विचारतेस काय?"

"मला एक हललेला फोटो दे. गिरक्यांचा. एकच दे."

मामाला वाटलं, थट्टा करतेय. "ताई, मुद्दाम हललेला? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"लोकांना दाखवूच नकोस. मला दे. उद्या खुर्चीत बसून राहायचंय रे मला. तेव्हा बघेन, की ही बाई हलत होती." मग ती म्हणाली, "तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही मी."

हे खरं होतं. मामाने शब्द दिला.

शब्द दिला, पण काढायचा कसा? ज्याने जन्मभर हललेला फोटो टाळला, त्याला तो मुद्दाम काढता येईना. शेवटी तो नाट्यगृहाच्या लाइटवाल्याकडे गेला. हा लाइटवाला रंगमंचावर दिवे लावता लावता स्वतःही फोटो काढायचा, आणि मामा आजवर त्याच्या फोटोंना नाक मुरडत आला होता. पण माणूस दिलदार. त्याने मागचं काही काढलं नाही. "शटर सावकाश ठेव," तो म्हणाला. "तू डोळ्याची पापणी लवायच्या आत मिटतोस, ते उघडं राहू दे. जे हलेल ते वाहील, जे थांबेल ते उमटेल. तू मात्र हलू नकोस, खांबाला पाठ लाव. आणि मामा, एक ऐक. काढल्यावर मला विचारल्याशिवाय काही पुसू नकोस. त्या एवढ्याशा पडद्यावर यातलं काही कळत नाही."

मामा महिनाभर घरी सराव करत होता. पंख्याचे फोटो काढले, रस्त्यावरच्या सायकलींचे काढले, चादरी झटकणाऱ्या मामीचे काढले. मामी म्हणाली, "माझा एक धड फोटो काढला नाहीत जन्मात, आणि हललेले शंभर!" पण ती पुन्हा पुन्हा चादर झटकत राहिली. तिलाही ताईने काय मागितलंय ते माहीत होतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मामा तिसऱ्या रांगेशेजारच्या खांबाला पाठ लावून उभा होता. सुरुवातीचे नाच त्याने नेहमीसारखे काढले. धीर होईना, दुसरं काय. अकरा गिरक्यांची वेळ आली तेव्हा मात्र त्याने शटर सावकाश केलं. ताई मधोमध आली. तिचा पाय दुखत होता हे एकट्या मामाला कळत होतं, कारण चालत येताना डावी टाच टेकली की ती ओठ मिटत होती. पहिली गिरकी झाली, दुसरी झाली. मामाची नजर फिरत्या घेरावर, बोट दाबतंय, सोडतंय. सहा फोटो झाले. अकरावी गिरकी संपली आणि लोक उभे राहिले. मामाला काही दिसेना, डोळे भरून आले होते.

आणि इथे, बघा, जित्याची खोड आडवी आली. लोक निघून जात होते, ताईभोवती मुलींचा गराडा पडला होता, लाइटवाला वर त्याच्या खोलीत तारा गुंडाळत होता. दहा मिनिटांत तो खाली आला असता. पण मामा खुर्चीवर बसला आणि त्याने निवड सुरू केली. गिरक्यांचा पहिला फोटो बघितला, नुसता चिखल. दुसराही तसाच. तिसऱ्यात एक राखी पट्टा. तिन्ही पुसले. चौथा आला. त्यात चेहरा होता, पण हात नव्हते. हातांच्या जागी काहीतरी पुसट पुसट उजेडाचं, घेर तर अर्ध्या पडद्यावर सांडलेला. मामा म्हणतोय मनाशी, हात कुठे गेले? तेवढ्यात नाट्यगृहाचा व्यवस्थापक पाठीमागून वाकला.

"काय मामा, हे काय? हात थरथरायला लागले वाटतं! वय झालं का?"

तो आपला चेष्टेत बोलून गेला. पण मामाच्या कानांच्या पाळ्या तशाच लाल झाल्या. "छे छे, चुकून दाबलं गेलं," तो म्हणाला आणि अंगठा फिरवला. चौथा गेला. त्याच झटक्यात पाचवा आणि सहावाही गेला. चोरी करताना पकडला जावा तसा त्याने कॅमेरा बॅगेत घातला, आणि लाइटवाल्याला न भेटताच तो बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका कंपनीची सभा होती, तिथे त्याने कॅमेऱ्यातलं तेच कार्ड वापरलं आणि भाषणं करणाऱ्या माणसांनी ते काठोकाठ भरलं, पुसलेलं परत मिळायची सोयच उरली नाही.

ताईला त्याने काय सांगितलं? तर, "प्रकाश कमी पडला गं. नाही जमलं." ताई दवाखान्याची बॅग भरत होती. तिने हातातला टॉवेल घडी करून ठेवला. "असू दे," ती म्हणाली. "तू प्रयत्न केलास ना?" मामाने मान हलवली. खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं असं थोडंच आहे.

ताईचा सांधा बदलला. ती काठी घेऊन चालायला लागली, पुढे क्लासात खुर्चीवर बसून शिकवायलाही लागली. पाच-सहा महिने गेले असतील, लाइटवाल्याने मामाला गाठलं. "ताईंच्या गिरक्या दाखवल्या नाहीस?"

"पुसल्या."

 त्या दिवशी रंगीत तालीम होती, लाइटवाल्याने मामाला हाताला धरून खांबापाशी नेलं आणि ताईच्याच एका विद्यार्थिनीच्या गिरक्या काढायला लावल्या. मग फोटो कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर लावले. एक फोटो आला आणि मामा खुर्चीवरून उठला. घेर वाहत होता, हातांचा नुसता उजेड झाला होता, आणि त्या सगळ्याच्या मधोमध मुलीचा चेहरा लख्ख, पापण्यांसकट.

"हा चेहरा कसा नाही हलला?" त्याने विचारलं.

"अरे, चक्कर येऊ नये म्हणून ती माणसं नजर एका जागी लावतात. अंग फिरतं, मान मागे राहते, आणि मग झटक्यात फिरते. मान थांबलेली असते तेवढ्यात शटर पडलं, की चेहरा उमटतो. नशीब लागतं. शंभरात एखादा मिळतो असा."

 ताईचा तो सहातला चौथा फोटो असाच होता. शंभरात एखादा मिळतो, तो त्याला सहात मिळाला होता, आणि हात दिसत नाहीत म्हणून त्याने तो फेकून दिला होता. ताईने जन्मात एकच गोष्ट मागितली, ती त्याच्या हातात आली होती. घरी येऊन त्याने मामीला सांगितलं. मामी एरवी तोंडाची फटकळ, पण ती नुसती त्याच्या शेजारी बसून राहिली.

पुढची दोन वर्षं मामा हललेले फोटोच काढत सुटला. बैल गेला आणि झोपा केला, असं तो स्वतःच म्हणायचा, दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत. पण हात बसला. लोक वाखाणायला लागले, शहरातल्या एका दालनात प्रदर्शन झालं, वर्तमानपत्रात छापून आलं. प्रत्येक चांगल्या फोटोपाशी मामाला तो दोन सेकंदांचा चौथा आठवायचा. ताईला त्याने प्रदर्शनाचं सांगितलंच नाही. "जिने फार आहेत तिथे," असं मुलींना म्हणाला. त्या दालनाला तीन पायऱ्या होत्या.

पण मुली गप्प बसतात होय? त्याच विद्यार्थिनीने आपल्या गिरकीचा फोटो फ्रेम करून ताईला नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी ताईचा निरोप आला, येऊन जा.

मामा गेला तेव्हा क्लास सुटला होता. खाली करवत बंद होती. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत, फ्रेम मांडीवर घेऊन बसलेली.

"सुंदर आलाय रे," ती म्हणाली. "हिला दिसेल, आपण कशा नाचायचो ते. असा येतो तर." तिने काचेवरून बोट फिरवलं. "तेव्हा प्रकाश कमी पडला, नाही का?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच मामाला सोसेना. टोमणा असता तर तो चहा मागून मोकळा झाला असता. तो समोरच्या सतरंजीवर मटकन बसला.

"प्रकाश कमी नव्हता, ताई. आला होता फोटो. अगदी असाच आला होता. मी पुसला." आणि मग त्याने सगळं सांगितलं, लाइटवाल्याने बजावलं होतं ते, व्यवस्थापक हसला ते, कार्ड, कंपनीची सभा. सांगताना तो चोपन्न-पंचावन्न वर्षांचा बाप्या आठ वर्षांच्या पोरासारखा नाक पुसत होता. "मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही," तो म्हणाला.

ताई ऐकत होती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फ्रेम बाजूला ठेवली आणि खुर्चीत जराशी पुढे सरकली.

"कसा होता सांग."

"घेर होता... राखी. अर्ध्या पडद्यावर पसरलेला. हातांचा उजेड झाला होता नुसता. डावीकडून वर गेलेला."

"आणि चेहरा? चेहरा आला होता म्हणालास ना?"

"आला होता. स्वच्छ."

"मग दिसलंच असेल तुला," ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम हलका झाला. "अरे, एरवी मी नजर मागच्या दारावर लावायचे. त्या दिवशी तुझ्यावर लावली होती, खांबापाशी. अकराच्या अकरा गिरक्या तुझ्याकडे बघून घेतल्या. आणि गुरूंची शिस्त मोडून मुद्दाम हसले. म्हटलं, शेवटचं आहे, आपला पोरगा फोटो काढतोय, हसावं. कशी दिसत होते रे हसताना?"

मामाने आठवून बघितलं. डोळे मिटून त्याने तो फोटो पुन्हा समोर आणला, घेर आला, उजेड आला, चेहऱ्याची जागा आली. त्या जागी काही येईना. खोटं सांगणं सोपं होतं, छान दिसत होतीस म्हणायचं, झालं. पण आता पुन्हा खोटं त्याच्याने बोलवेना.

"मी बघितलं नाही गं," तो म्हणाला. "मी हात शोधत होतो."

 ताईने हात लांब करून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"हसत होते मी," ती म्हणाली. "तुला माहीत असू दे."